कडू स्टोफव्लेस आणि वातड मांस: चूक कुठे होते

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला राहता, सासर गेंटजवळचं. सासूबाईंच्या हातचं स्टोफव्लेस, म्हणजे बिअर आणि कांद्यातलं बीफ, आवडलं म्हणून घरी दोनदा करून पाहिलंत. पहिल्यांदा फ्रिजमध्ये होती ती आयपीए बिअर ओतली, आणि रस इतका कडू झाला की चार चमचे साखर घालूनही खाववेना. दुसऱ्यांदा साधी पिल्सनर घेतली, सुपरमार्केटमधलं महागातलं, चरबी नसलेलं मांस घेतलं आणि तीन तास उकळलं. तरी मांस वातड, रस पाण्यासारखा, आणि कडवटपणा थोडा उरलाच. आता रविवारी सासू-सासरे जेवायला येणार आहेत.

मी मूळचा वसईचा. गेली एकोणीस वर्षं गेंटच्या हॉटेलांमधल्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्यातली बरीच वर्षं सकाळचं माझं पहिलं काम म्हणजे हेच कालवण आचेवर चढवणं. तुमच्या दोन्ही वेळच्या चुका मी स्वतः केल्या आहेत. म्हणून जरा लांबण लावून लिहितो, कारण नुसती कृती दिली तर तिसऱ्यांदा वेगळीच चूक होईल.

सुरुवात बिअरपासून, कारण या पदार्थाचं निम्मं भवितव्य बाटली निवडताना ठरतं.

बिअर बनवताना हॉप्स, म्हणजे तिला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, उकळतात, तेव्हा त्यातली आम्लं बदलून कडू रूप घेतात. ही कडू द्रव्यं वाफेबरोबर उडून जात नाहीत. पाणी जातं, अल्कोहोल बरंचसं जातं, हॉप्सचा तो फुलांसारखा, संत्र्यासारखा वास तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जातो. कडू मात्र पातेल्यातच बसून राहतं. पाऊण लिटर बिअर आटून तिची दीड वाटी झाली की कडूपणा दुप्पट होतो. ग्लासात जो कडवटपणा घोटाघोटाला छान वाटतो, तोच रसात घशाशी चिकटतो. आयपीएमध्ये तर हॉप्सच मुख्य, त्यामुळे पहिल्या वेळी जे झालं ते होणारच होतं. पिल्सनर त्या मानाने सौम्य, पण तीही कोरडी आणि कडूच. तिच्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा इतका नसतो की आटल्यावर तोल सांभाळेल.

साखर घालून कडू का गेलं नाही, तर कारल्याचं आठवा. कारल्यात गूळ घातला म्हणून कारलं कडू राहायचं थांबत नाही, कडू आणि गोड शेजारी शेजारी बसतात. म्हणून आपण कारल्याला आधी मीठ लावून पिळून घेतो. इथे पिळून काढायची सोय नाही. कडू आत गेलं की गेलं.

मग कुठली बिअर? फ्लांडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या उत्तर भागात, याचं उत्तर भागाभागावर आहे. औडेनार्डकडची जुनी तपकिरी बिअर, जिला इथे ओउद ब्राउन म्हणतात, तिच्यात हॉप्स जेमतेम, माल्टचा गोडवा भरपूर आणि मागून येणारा सौम्य आंबटपणा. लीफमन्सची बाटली बहुतेक दुकानांत मिळते. पश्चिम फ्लांडर्समध्ये रुसेलारे गावची रोडेनबाख, १८२१ पासूनची ब्रुअरी. तिची लालसर तपकिरी बिअर ओकच्या भल्यामोठ्या पिंपांत मुरते. साध्या रोडेनबाखमध्ये मुरलेल्या बिअरचा भाग कमी आणि ताजीचा जास्त असतो. ग्रँड क्रूमध्ये दोन तृतीयांश भाग दोन वर्षं मुरलेला, म्हणून ती चांगलीच आंबट. ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेचा पायोटनलंड इथे लांबिक किंवा ग्योझ घालणारी घरं आहेत. ती बिअर हवेतल्या यीस्टवर आंबते आणि लिंबासारखी आंबट लागते. आणि सगळीकडे चालणारी वाट म्हणजे ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठांची डबल, म्हणजे गडद तपकिरी, गोडसर बिअर: वेस्टमालची डबल, शिमेची लाल झाकणाची, रोशफोरची ८ क्रमांकाची. यांच्यात मनुका, काकवी, भाजलेल्या पावाची कड असे वास असतात आणि आटल्यावर तेच गडद होतात.

पण ट्रॅपिस्ट लिहिलंय म्हणजे चालेल असं समजू नका. ओर्व्हालही ट्रॅपिस्टच आहे, आणि ती मला प्यायला फार आवडते. पण तिच्यात आंबवल्यानंतर पुन्हा हॉप्स घालतात, ती कोरडी आणि कडवट आहे. पातेल्यात ती घालू नका. वेस्टमालची ट्रिपलही याला नको. आणि चेरीची क्रीक बिअर या पदार्थात मला मनापासून पटत नाही, बाकी कोणी काही म्हणो.

बाटलीवर कडूपणा लिहिलेला नसतो, मग ओळखायचं कसं? एक साधी चाचणी सांगतो, ती मी नवीन बिअर हातात आली की दरवेळी करतो. लहान पातेल्यात अर्धी वाटी बिअर घ्या, मध्यम आचेवर आटवून तिचे दोन-तीन चमचे करा, चिमूटभर मीठ घाला आणि कोमट झाली की चाखा. रस शेवटी कुठल्या दिशेने जाणार ते त्या चमचाभरात कळतं. जिभेवर काकवीसारखा गोडवा येऊन मग हलका आंबटपणा आला तर घ्या. गिळल्यावर घशाच्या मागे कडू रेंगाळलं तर ती बाटली जेवणाबरोबर पिऊन टाका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दीड किलो मांस वाचतं.

रविवारसाठी माझा सल्ला असा: दोन बाटल्या घ्या, प्रत्येकी ३३ सेंटिलिटरच्या. एक साधी रोडेनबाख, एक वेस्टमाल डबल. एकीचा आंबटपणा, दुसरीचा गोडवा. नुसती रोडेनबाख घातली तर आंबटपणा आटून बोचतो, कारण तिच्यातलं लॅक्टिक आम्लही उडून जात नाही. नुसती डबल घातली तर रस जड होतो, दुसऱ्या घासाला कंटाळा येतो. दोघी मिळून बरोबर जमतात.

आता मांस. इथे तुमची चूक झाली ती चांगल्या हेतूने झाली. महागाचं, लालभडक, चरबीचा धागाही नसलेलं मांस म्हणजे उत्तम, असं आपल्याला वाटतं. बेल्जियमच्या दुकानांतलं बरंचसं बीफ इथल्या पांढऱ्या-निळ्या जातीच्या जनावरांचं असतं. त्या जातीत मुळातच स्नायू खूप फुगलेले असतात आणि चरबी फार कमी. अशा जनावराच्या मागच्या भागाचा तुकडा तव्यावर दोन मिनिटं टाकला तर लुसलुशीत लागतो. तोच तीन तास शिजवला तर त्यातलं पाणी निघून जातं आणि मागे नुसते सुतासारखे धागे राहतात, कारण त्याला ओलं ठेवायला आत काहीच नसतं.

मंद शिजवायच्या मांसात हवा तो चिवट पांढरा पडदा आणि शिरा, म्हणजे कोलॅजन. साधारण ७० अंशांच्या वर ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. तेच धाग्यांमध्ये शिरून मांस ओलसर ठेवतं आणि तेच रसाला तो ओठांना चिकटणारा दाटपणा देतं. म्हणजे तुमचा रस पातळ राहिला आणि मांस वातड झालं, या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. सुपरमार्केटच्या थाळीतलं सोडा आणि खाटकाकडे जा. गालाचं मांस मागा, मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. जनावर आयुष्यभर रवंथ करतं, त्यामुळे गाल कोलॅजनने भरलेला असतो. नाही मिळालं तर खांदा आणि पायाच्या नळीवरचं मांस निम्मं निम्मं. खाटकाला फक्त ‘स्टोफव्लेस’ म्हणालात तर तो आधीच कापून ठेवलेले मिश्र तुकडे देईल. ते वाईट नसतात, पण प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या वेळी शिजतो. अख्खा तुकडा आणून घरी कापा. तुकडे मोठे हवेत, पाच सेंटिमीटरचे. शिजून ते एक तृतीयांशाने आकसतात, आणि मटणाच्या फोडींएवढे कापलेत तर शेवटी चुरा होतो.

सहा माणसांना दीड किलो मांस. शनिवारी सकाळी त्याला १८ ग्रॅम मीठ आणि भरड मिरी लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवा. झाकू नका, वरचा भाग सुकायला हवा. बिअरमध्ये रात्रभर भिजवायला सांगणारे लोक भेटतील. मी दोन्ही तऱ्हा कितीदा शेजारी शेजारी करून पाहिल्या आहेत. भिजवल्याने चवीत फरक पडत नाही, मात्र भिजलेलं मांस खरपूस व्हायचं नाव घेत नाही.

या कालवणाला गेंटकडे स्टोव्हेराय म्हणतात, अँटवर्पकडे स्टोफव्लेस, फ्रेंच बोलणाऱ्या भागात कार्बोनाड फ्लामाँद. कार्बोनाड या शब्दात कोळसा आहे. मुळात तो निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा शब्द. निखारा आता राहिला नाही, पण मांस आधी कडक आचेवर भाजून घ्यायचं ही पहिली पायरी नावातच राहिली आहे, असं मी नव्या मुलांना सांगतो, म्हणजे ती पायरी ते गाळत नाहीत.

जाड बुडाचं पातेलं घ्या, बिडाचं असेल तर उत्तमच. चमचाभर तेल आणि ३० ग्रॅम लोणी. लोण्याचा फेस बसला की मांस घाला, पण एका वेळी पाच-सहाच तुकडे, एकमेकांना न टेकता. पातेलं भरून टाकलंत तर तुकडे पाणी सोडतात, ते पाणी आटेपर्यंत मांस वाफेवर करडं होत राहतं, आणि तो खमंग तपकिरी रंग येतच नाही. एका बाजूला तीन-चार मिनिटं हात लावू नका. सुटायला तयार झालं की तुकडा आपण होऊन सुटतो. दोन-तीन खेपा लागतील, लागू देत. पिठात घोळवून तळायची पद्धतही आहे, मी ती सोडली. पीठ मांसाच्या आधी करपतं, आणि करपलेल्या पिठाचा कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. कडूपणा हीच तुमची अडचण असताना तो दुसऱ्या दाराने आत घ्यायला नको.

मांस काढून ठेवलंत की तळाला तपकिरी थर धरलेला दिसेल. काळा असेल तर तो करपलाय. पातेलं धुऊन घ्या, लोभ धरू नका. तपकिरी असेल तर तो सोन्यासारखा सांभाळा.

आणि आता कांदा. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण आपण मराठी माणसं कांदा जन्मभर परततो आणि म्हणूनच इथे चुकतो.

आपल्या हाताला दोन कांदे माहीत आहेत. एक फोडणीतला, जो गुलाबी झाला की पुढचा जिन्नस पडतो. दुसरा वाटणाचा, सुक्या खोबऱ्याबरोबर पार तांबूस-काळसर भाजलेला. स्टोव्हेरायला दोन्ही नकोत. पहिला कच्चट राहतो आणि रसात तरंगतो. दुसरा बिअरच्या जोडीला कडूच. इथे कांदा संपूर्ण विरघळायला हवा. तीन तासांनी पातेल्यात पाहिलं तर कांदा दिसता कामा नये, रस मात्र त्याच्यामुळेच दाट असायला हवा. दीड किलो मांसाला एक किलो पिवळा कांदा. बरीच घरं याहून कमी घालतात. मी मुद्दाम जास्त घालतो, कारण त्याचा गोडवा साखरेची जागा घेतो आणि साखरेसारखा वरवरचा लागत नाही.

कांदा आडवा, पातळ चिरा, म्हणजे धागे तुटतात आणि तो लवकर विरघळतो. उभा चिरलेला कांदा शेवटपर्यंत आपला आकार सोडत नाही. त्याच पातेल्यात आणखी ३० ग्रॅम लोणी, कांदा, पाव चमचा मीठ. आच मध्यमच्या खाली. झाकण ठेवा आणि दहा मिनिटं कांद्याला घाम फुटू द्या. त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं, ते सुटून तळाचा तपकिरी थर भिजतो. लाकडी उलथन्याने तो खरवडून कांद्यात मिसळा. मग झाकण काढा आणि चाळीस मिनिटं द्या. दर तीन-चार मिनिटांनी ढवळायचं, तळाला धरू लागलं की दोन चमचे पाणी शिंपडून पुन्हा खरवडायचं. एवढ्यात कांदा चौथाई होतो, रंग मधासारखा, वास गुळाच्या काकवीसारखा. घाई करून आच वाढवलीत तर कडा करपतात आणि मध्ये कच्चा राहतो. पाऊण तास हातात नसेल तर त्या दिवशी हा पदार्थ करू नका, असं मी अगदी मनापासून सांगतो.

कांदा झाला की एक चमचा मैदा भुरभुरवा, दोन मिनिटं परता, दोन चमचे व्हिनेगर घाला आणि तळ पुन्हा एकदा स्वच्छ खरवडा. मग मांस आणि त्याने सोडलेला रस परत आत. दोन्ही बिअर ओता. वर १५० मिलिलिटर बीफचा स्टॉक, बस. रस मांसाच्या खांद्यापर्यंत यावा, मांस बुडू नये. दुसऱ्या वेळी तुम्ही वर पाणी घातलं असणार, असा माझा अंदाज आहे. कांदा आणि मांस दोन्ही आपलं पाणी सोडतात हे धरून चालायचं.

मसाला म्हणून दोन तमालपत्रं, थाईमच्या चार काड्या, दोन लवंगा. एवढंच. आलं-लसूण नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो नाही, गाजर नाही. गाजर-बटाटे घातले की ते चांगलं लागेलही, पण तो दुसरा पदार्थ झाला. आणि लवंगेकडे पाहताना वसईच्या माणसाला जरा भरून येतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी पूर्वेकडून आणलेली मिरी आणि लवंग अँटवर्पच्या बाजारात उतरत असे, तिथून ती उत्तर युरोपभर जाई. १५३४ मध्ये वसईही त्याच पोर्तुगीजांच्या हातात गेली. आमच्या घरच्या इंदियाल नावाच्या कालवणात मांस, व्हिनेगर आणि लवंग एकत्र येतात. इथे पहिल्यांदा स्टोव्हेराय खाल्लं तेव्हा ते आंबट आणि लवंगेचं टोक मला परकं वाटलंच नव्हतं.

एक हलकी उकळी आली की झाकण ठेवून पातेलं १४० अंशांच्या ओव्हनमध्ये. शेगडीवर ठेवायचं असेल तर सगळ्यात लहान बर्नर, आणि रस खदखदता कामा नये. मिनिटाला पाच-सहा बुडबुडे फुटावेत, जेमतेम. ‘तीन तास उकळलं’ असं तुम्ही लिहिलंय, तो ‘उकळलं’ शब्द मला खटकला. खळखळत्या रसात कोलॅजन विरघळतं खरं, पण त्याच वेळी धागे आवळून आपलं पाणी पिळून टाकतात.

दोन तासांनी पाव आणि मोहरी. घट्ट, आदल्या दिवशीच्या पावाचे दोन जाड काप घ्या, एका बाजूला भरपूर मोहरीची चटणी फासा आणि मोहरीची बाजू खाली करून मांसावर ठेवा. सासूबाई गेंटच्या, म्हणजे त्यांच्या फ्रिजमध्ये खुरुंटमार्क्टवरच्या दुकानातली, लाकडी पिंपातून भरून दिलेली मोहरी असण्याची दाट शक्यता आहे. ती गुळगुळीत आणि नाकात झणझणीत जाणारी असते. शिजताना तो झणका पूर्ण उडून जातो, म्हणून घालायला घाबरू नका. मागे राहतो तो आंबूस, भरीव स्वाद. पाव अर्ध्या तासात भिजून फुगतो, मग ढवळलंत की विरून रस बांधून येतो. बऱ्याच घरांत पावाऐवजी पेपरकूक घालतात, म्हणजे राय आणि मधाचा मसालेदार केक. त्याने गोडवा आणि दालचिनीचा वास येतो. रोडेनबाखसारखी आंबट बिअर जास्त असेल तर पेपरकूक, डबल जास्त असेल तर साधा पाव, असं मी ठरवतो. तुम्ही निम्मी निम्मी घालताय, तर एक काप पावाचा, एक पेपरकूकचा.

अडीच तासांनी एक तुकडा काढून काट्याने दाबा. दबून अलगद उकलला पाहिजे. रबरासारखा उसळला तर कोलॅजन अजून विरघळलेलं नाही, अर्धा तास आणखी द्या. गालाला साडेतीन तासही लागतात. हे वातडपण वेळाने जातं. मांस धाग्या-धाग्यांनी सुटतंय पण चावताना कोरडं, भुसभुशीत लागतंय, तर ते दुसऱ्या प्रकारचं. ते चरबी नसलेलं मांस जास्त शिजल्याचं, आणि त्यावर इलाज नाही. तसं झालंच तर काट्यांनी पिंजून रसात मिसळून टाका. पावावर किंवा फ्राइजवर ओतायला तेही छान लागतं.

मग गॅस बंद करायचा आणि वाढायचं नाही. शनिवारी संध्याकाळी शिजवा, कोमट होऊ द्या, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी गरम करा. आपल्याकडे कालचं मटण आज जास्त चांगलं लागतं, त्यातलाच हा प्रकार. रात्रभरात जिलेटिन घट्ट होतं आणि मांस रस धरून बसतं. बिअर, व्हिनेगर, मोहरी, लवंग हे वेगवेगळे ओळखू येईनासे होतात. वर साचलेली चरबी चमच्याने अर्धी काढा, सगळी नको.

शेवटचा तोल रविवारी, गरम झाल्यावर साधा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मीठ. मीठ कडूपणा दाबतं, साखरेहून चांगलं दाबतं, म्हणून कडवट वाटलं की हात आधी मिठाकडे जाऊ द्या. मग आंबट: चमचाभर व्हिनेगर, जड वाटत असेल तरच. सगळ्यात शेवटी गोड: एक चमचा ब्राउन शुगर किंवा लिएजकडचं सफरचंद-नाशपातीचं काळं सिरप. सिरप मिळालं तर तेच घ्या, त्याच्या गोडीला फळाची आंबूस बाजू असते. रस पातळ वाटला तर मांस बाजूला काढून नुसता रस मोठ्या आचेवर दहा मिनिटं आटवा. कॉर्नफ्लॉवर नको, त्याने रस चकचकीत आणि बुळबुळीत होतो.

कुकरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. चालतो. मांस भाजणं आणि कांदा परतणं जसंच्या तसं. मग शिट्टी झाल्यावर मंद आचेवर चाळीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. पाव आणि पेपरकूक कुकरमध्ये घालू नका, तळाला लागून करपतील. झाकण उघडल्यावर घाला आणि उघड्यावरच वीस-पंचवीस मिनिटं आटवा. मांस मऊ होईल. रस मात्र ओव्हनइतका खोल होत नाही, कारण बंद भांड्यात काही आटतच नाही. सासूबाईंना वाढायचं असेल तर ओव्हन.

पाहुण्यांत कोणी दारू अजिबात न घेणारं असेल तर त्यांना आधी सांगा. ‘शिजल्यावर अल्कोहोल उडून जातं’ हे पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे अडीच तास मंद शिजवल्यावरही घातलेल्यापैकी सुमारे ५ टक्के उरतं. थोडंच, पण ज्याला नको त्याला नको. आणि बीफ न खाणारं कोणी असेल तर याच कृतीने डुकराच्या गालाचं मांस करा. इथल्या घरांत तेही तितकंच आवडीने खातात. ते दीड-दोन तासांत होतं, लवंग एकच घाला.

बरोबर फ्राइज हव्यातच. बटाटा बिंत्ये जातीचा मागा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलंड्सच्या फ्रीसलंडमधल्या एका शाळामास्तरांनी ही जात तयार केली आणि आपल्या एका विद्यार्थिनीचं नाव तिला दिलं. फ्राइजसाठी बेल्जियमने तिला आपलंसं केलं. सेंटिमीटरभर जाड कापा, धुऊन पुसून पूर्ण कोरड्या करा, १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं तळा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग वाढायच्या वेळी १८० वर दोन-तीन मिनिटं. इथे परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. घरी तेलात तळल्या तरी चालतील, दोनदा तळणं मात्र चुकवू नका. शेजारी विटलूफ या कडवट पालेभाजीची पानं, चमचाभर मेयोनेझ. कडवट चव ताटात हवीच असेल तर ती तिथे असू दे, रसात नको.

सासूबाई आल्यावर त्यांना एक विचारा: त्यांच्या आईच्या घरी पाव घालत की पेपरकूक. गेंटमध्ये मी हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला, त्यांच्याकडे सांगायला काहीतरी होतंच. आणि उरलेला रस टाकू नका. नुसता रस गाळून फ्रीझरमध्ये ठेवा. इथल्या फ्रितूरवर, म्हणजे फ्राइजच्या टपरीवर, लोक फ्राइजवर स्टोफव्लेसचा नुसता रस ओतून मागतात. बुधवारी रात्री कामावरून उशिरा घरी आलात की तो उपयोगी पडेल.